रेघेच्या वर

आमच्या घरातली एक भिंत पोकळ आहे, हे आम्ही जवळजवळ विसरून गेलो होतो. बाकीच्या भिंती विटांच्या, घर बांधलं तेव्हाच्या. ही एकटी २०२१ची. बाबा रिटायर झाले होते, पेन्शनला थोडा हातभार हवा होता आणि आमचा हॉल उगाच लांबलचक होता. मध्ये पार्टिशन टाकून मागचा अर्धा भाग भाड्याने द्यायचा असं ठरलं. मागच्या अंगणातून त्या बाजूला वेगळं दार होतंच. नाग नदी दोन गल्ल्या पलीकडे, शंकरनगर आणि धरमपेठ पायी जाण्याच्या अंतरावर. स्पर्धा परीक्षांची तयारी करायला गावाकडून आलेल्या मुलींना अशा खोल्या हव्याच असतात.

विटांची भिंत घालायची म्हणजे रेती, सिमेंट, पंधरा दिवस पाणी मारणं आणि घरभर पसारा. ठेकेदार म्हणाला, जिप्समची करा, दोन दिवसांत उभी राहते. तशी ती राहिली. पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा, त्यावर दोन्ही बाजूंनी स्क्रूने बसवलेले बोर्ड, आणि टीव्हीचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून मध्ये काचेच्या तंतूंची गादी. मिस्त्री तिला ग्लासवूल म्हणतात. बारा फूट लांब, नऊ फूट उंच. सहा बाय चारचे नऊ बोर्ड लागले. पुट्टी आणि रंग झाल्यावर ती इतर भिंतींसारखीच दिसायला लागली. कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला गेलं, की मगच आवाजावरून फरक कळायचा.

हा बोर्ड तुमच्याही ओळखीचा आहे. ऑफिसच्या केबिन, मोबाइलची दुकानं, नव्या फ्लॅटचं फॉल्स सीलिंग, सगळीकडे तोच असतो. अमेरिकेत तर घरंच्या घरं त्याने आतून मढवलेली असतात. तिकडे त्याला ड्रायवॉल म्हणतात. जाड कागदाच्या दोन थरांमध्ये दाबलेला जिप्सम, जाडी साधारण साडेबारा मिलिमीटर. जिप्समच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्याच्या स्फटिकात बांधलेलं पाणीच असतं. आग लागली की ते वाफ होऊन निघतं, म्हणून हा बोर्ड आगीला बराच वेळ तोंड देतो. बाहेरून येणाऱ्या पाण्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. जिप्सम ते टिपकागदासारखं ओढून घेतो, आणि त्यावरचा कागद हे बुरशीचं आवडतं खाद्य आहे.

२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. त्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या जेवल्या. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात, त्या विदर्भातल्या महालक्ष्म्या. आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या, पन्नासेक पानं उठली. आई थकून आडवी झाली आणि मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. काही तासांत शहरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव १८७० साली शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला. तो ओसंडला आणि ते पाणी नाग नदीत, नदीतून वस्त्यांमध्ये शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, खाली सीताबर्डीपर्यंत. मोरभवनच्या स्थानकात बस बुडाल्या. माणसं दगावली. एनडीआरएफ आणि लष्कराच्या बोटी ज्या रस्त्यांवरून फिरल्या, तिथे आदल्या संध्याकाळी आम्ही झेंडूची फुलं घ्यायला गेलो होतो.

आम्ही तिघं गच्चीच्या जिन्यात बसलो. बाबांच्या मांडीवर महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे होते. मागच्या खोलीतली मुलगी सणाला गावी गेली होती, तेवढं एक बरं. उजाडल्यावर दिसलं ते पाणी पावसाचं म्हणता येणार नाही असं होतं. नाग नदीतून शहराचं सांडपाणी वाहतं. तिच्या शुद्धीकरणासाठी केंद्राने १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केलेला आहे, यावरून काय ते समजा. ते सगळं आमच्या हॉलमध्ये होतं. दुपारपर्यंत ओसरलं आणि भिंतींवर एक तपकिरी रेघ राहिली. बाबांनी टेप लावून मोजली. तीन फूट एक इंच. मग त्यांनी पेन्सिलीने तिथे तारीख लिहिली, उंची मोजायला लहानपणी माझी लिहायचे तशी.

पुढचा आठवडा चिखल उपसण्यात गेला. ब्लीचिंग पावडर, फिनाईल, खराटा. पंचनामा झाला. फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाणाच्या गाद्या, गव्हाची कोठी. सरकारने प्रत्येक पूरग्रस्त घराला दहा हजार आणि दुकानांना पन्नास हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती. तलावाच्या सांडव्याचा, नदीच्या पात्राचा प्रश्न पुढे जनहित याचिकेतून हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेला. आमच्या भिंतीची नोंद कुठेच झाली नाही, आणि त्यात कुणाची चूकही नव्हती. भिंत उभी होती. जे उभं आहे त्याचा पंचनामा कोण करेल?

भाडेकरू मुलगी आली, तिच्या नोट्सचा लगदा बघून थोडा वेळ गप्प बसली आणि महिनाअखेर मैत्रिणीकडे राहायला गेली. बाबांनी डिपॉझिट परत केलं. नवा फ्रिज आणि वॉशिंग मशीन हप्त्यांवर आली, आणि बाबांच्या वहीत त्या हप्त्यांसमोर खोलीचं भाडं लिहिलेलं होतं. दसऱ्याच्या सुमारास पुट्टी-पेंट, एक नोव्हेंबरपासून नवीन मुलगी, असा हिशेब.

ऑक्टोबर हीटमध्ये घर खडखडीत वाळलं. फरशी चमकायला लागली. तरी संध्याकाळी पंखा बंद केला की हॉलमध्ये एक वास यायचा, ओल्या पोत्यासारखा. आईचा दिवाण त्याच भिंतीला लागून. तिला रात्री खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं आणि विचारलं, घरात ओल आहे का? आई म्हणाली, नाही हो, सगळं पुसून काढलं.

माझा आत्तेभाऊ फ्लोरिडात, टँपाला असतो. पुरानंतर दर दोन दिवसांनी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मी त्याला घर दाखवत फिरत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. ही मधली भिंत कशाची आहे?" मी सांगितलं. "आणि तुम्ही ती उघडली नाही?"

मग त्याने जे सांगितलं ते मी नंतर बसून वाचलं. २००४ मध्ये फ्लोरिडावर एकामागून एक चार चक्रीवादळं आली, २००५ मध्ये कॅटरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. त्यात घरबांधणीची तेजी. अमेरिकेत बोर्डांचा तुटवडा पडला आणि चीनमधून जहाजं भरून बोर्ड आले. पुरात सगळं गेलेल्या लोकांनी त्या बोर्डांनी घरं पुन्हा उभी केली. काही वर्षांत घरात सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. एसीच्या कॉइल पुन्हा पुन्हा बिघडू लागल्या, चांदीचे दागिने काळे पडले, स्विचबोर्डातली तांब्याची तार काजळीसारखी झाली. त्यातल्या काही बोर्डांमधून गंधकाचे वायू सुटत होते. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे जवळजवळ चार हजार तक्रारी आल्या. न्यू ऑर्लिन्सच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश एल्डन फॅलन यांच्यासमोर खटले एकत्र चालले. २०१० मध्ये सरकारी यंत्रणांनी सल्ला दिला तो असा की, दूषित बोर्ड काढून टाका, सगळेच. वरून रंग मारून, हवा शुद्ध करायची यंत्रं लावून यातून सुटका नाही.

आत्तेभावाने २०१४ मध्ये घर घेतलं ते २००६चं बांधकाम होतं. तपासणीला आलेल्या माणसाने आधी एक स्विचबोर्ड उघडला, तार बघितली आणि मगच पुढे गेला. फ्लोरिडात घर विकणाऱ्याला माहीत असलेला गंभीर छुपा दोष लपवता येत नाही, तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये तसं ठरवून ठेवलंय. "तुमची केस वेगळी आहे," तो म्हणाला. "पण एक स्विच उघडून बघ."

पंधरा ऑक्टोबर, घटस्थापनेचा रविवार. बाबा देवळात गेले होते. मी मेन स्विच पाडला आणि त्या भिंतीवरची प्लेट उघडली. तार लालसर, चकचकीत. म्हणजे आमचे बोर्ड मुळात चांगलेच होते. पण डबीत वाळलेला चिखल होता. मग रेघेच्या दहा इंच वर, मोबाइलएवढा चौकोन कटरने कापला.

बाहेरचा रंग पांढराशुभ्र होता. कापलेल्या तुकड्याची मागची बाजू काळी-हिरवी, मोहरी सांडावी तशी ठिपकेदार. आतली ग्लासवूल खाली खचली होती आणि तीन आठवड्यांनंतरही बोट लावलं की ओली लागत होती. टॉर्च मारला तर डाग आणखी वर गेलेले. बाहेरून दिसणारी रेघ ही पाणी उभं राहिलं त्याची उंची होती. आत बोर्डाने ते केशाकर्षणाने वर ओढलं होतं, दिव्याची वात तेल ओढते तसं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा नियम सांगतो की भिजलेलं सामान चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळलं नाही तर बुरशी धरते, आणि बुरशीवर रंग देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. अशा घरात राहणाऱ्यांमध्ये खोकला, धाप, दम्याचा त्रास जास्त आढळतो, असं तिचं म्हणणं. आईचा खोकला त्याच भिंतीमुळे होता की नाही, हे मी छातीठोक सांगणार नाही. त्या रात्री तिचा दिवाण मी आतल्या खोलीत सरकवला.

बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, झूम करून नीट पाहिला.

"हे आतमध्ये आहे ना पण?"

"हो."

"मग आत कोण बघते?"

ते हे निर्लज्जपणे म्हणाले नाहीत. ते खरंच हिशेब मांडत होते. भिंत पाडायची, मलबा उचलायचा, नवी घालायची आणि तोवर भाडं बंद. मिस्त्री तर त्यांच्याही पुढे होता. "ताई, कायले खोलता? वरून पुट्टी मारून देतो, वाटरप्रूफ प्रायमर लावतो. चार-पाच वर्षं काही होत नाही पहा." चार-पाच वर्षांत त्या खोलीत चार-पाच मुली राहून गेल्या असत्या. पलंग भिंतीला लावून, दार बंद करून, दिवसाचे बारा तास अभ्यास करत.

"सांगून टाकू ना येईल तिला," मी म्हटलं.

"सांगितल्यावर कोणी येते का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कायदा शोधला, कारण भांडणात काहीतरी हातात हवं असतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२चा आहे, अंबाझरीच्या धरणाहून फक्त बारा वर्षांनी लहान. त्याच्या कलम १०८ मध्ये घरमालकाच्या कर्तव्यांत पहिलंच हे दिलंय: मालमत्तेत असा काही महत्त्वाचा दोष असेल जो मालकाला माहीत आहे, भाडेकरूला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तर तो मालकाने सांगायला हवा. घर विकणाऱ्यासाठी कलम ५५ मध्ये जवळजवळ हेच. आमचा करार अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे काटेकोर बोलायचं तर हा भाडेपट्टा नव्हेच. बाबा आयुष्यभर सरकारी फाइलींत वावरलेले, त्यांनी ही पळवाट तत्काळ पकडली. पण कलम दोनदा वाचलं. "साधारण काळजी घेऊनही," ते पुटपुटले आणि पेपर वाचायला घेतला.

दसरा चोवीस ऑक्टोबरला होता. त्या दिवशी दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात आणि आमच्या बाजूचे सगळे रस्ते गजबजलेले असतात. दुपारी वणी तालुक्यातून एक गृहस्थ मुलीला घेऊन खोली बघायला आले. दीक्षाभूमीवर जाऊन आले होते. मुलीच्या हातात तिथल्या स्टॉलवरून घेतलेल्या पुस्तकांची जड पिशवी. मिस्त्री दिवाळीच्या गर्दीत अडकल्याने पुट्टी अजून झाली नव्हती. मी कापलेल्या चौकोनावर बाबांनी कॅलेंडर लावलं होतं.

मुलीने खिडकी उघडून पाहिली, प्लग पॉइंट मोजले, अभ्यासिका किती लांब ते विचारलं. वडील दारात उभे होते. त्यांनी एक-दोनदा नाक ओढलं.

"साहेब, इथं कापूस भरला होता का?"

"कापूस? नाही भाऊ. काहून?"

"नाही, वास तसा येऊन राह्यला. घरात कापूस भरला अन् खालचा थर ओला राह्यला का असाच येते. वरून पाहाल तर पांढराफटक, काही समजत नाही. हात घातला का मग समजते."

मी बाबांकडे पाहिलं नाही. आई चहाचा ट्रे घेऊन आली होती, तीही थांबली. बाबा भिंतीपाशी गेले आणि त्यांनी कॅलेंडर काढलं.

"पूर आला होता भाऊ आमच्याकडे," ते म्हणाले. "हे पहा इथवर पाणी होतं. आतून भिंत खराब झाली आहे. काढाच लागते. महिना-दोन महिने जाईल. तुम्ही दुसरी खोली पहा."

ते गृहस्थ पुढे आले, चौकोनात डोकावले, बोटाने ग्लासवूल दाबली आणि बोट पँटला पुसलं. रागावले नाहीत, कौतुकही केलं नाही. चहा घेतला, मुलीला नंबर लिहून घ्यायला सांगितलं आणि निघाले. ते गेल्यावर बाबांनी वही काढून एक नोव्हेंबरसमोरच्या आकड्यावर रेघ मारली.

भिंत आम्ही त्याच आठवड्यात काढली. कोविडमधले उरलेले एन-९५ मास्क बांधले, आईला काकूकडे पाठवलं, खिडक्या उघड्या टाकल्या. मिस्त्री कुरकुरत आला, पण पहिला बोर्ड निघाल्यावर तोही मास्क मागू लागला. वरचे बोर्ड कोरडे होते, खालच्यांचे हातात तुकडे होत होते. जमिनीलगतचा चॅनेल म्हणजे इंग्रजी यू आकाराची पन्हळ. ती नदीच्या गाळाने काठोकाठ भरली होती आणि गाळात झेंडूच्या पाकळ्या होत्या. आमच्याच, महालक्ष्म्यांच्या. हॉल तीनदा धुऊन झाला होता, पण तिथवर झाडू पोचलाच नव्हता.

त्या बोर्डांचा मलबा लगेच गोण्यांत कोंबायचा नाही, हे मला आत्तेभावाच्या चिनी बोर्डांबद्दल वाचताना कळलं होतं. ओला जिप्सम सेंद्रिय घाणीबरोबर हवाबंद राहिला, तर जिवाणू त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तोच सडक्या अंड्यांचा वायू. म्हणजे चांगला बोर्डही चुकीच्या ठिकाणी पडला तर तोच वास सोडू शकतो. बांधकामाच्या मलब्याचे तेव्हाचे, २०१६चे नियम सांगत होते, तो इतर कचऱ्यात मिसळू नका. आम्ही तुकडे अंगणात पसरून वाळवले आणि वेगळे दिले. शेजारच्यांना आम्ही भांडी वाळत घातल्यासारखी भिंत वाळत घातलेली दिसत होती. दोन घरांनी येऊन विचारलं, आणि त्यातल्या एकाने आपल्या टीव्हीमागचं पॅनेल उघडून पाहिलं. तिथेही तेच.

दिवाळीत आमचा हॉल पुन्हा लांबलचक होता. मध्ये नुसता धुतलेला सांगाडा, त्यातून मागच्या खोलीतली पणती दिसायची. हप्ते माझ्या पगारातून गेले. बाबांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही आणि मीही नाही.

डिसेंबरात नवी भिंत झाली. जमिनीपासून पाच फूट सिमेंटचा बोर्ड, वर जिप्सम. खालच्या भागात ग्लासवूल घातली नाही, त्यामुळे आता पलीकडे टीव्हीचा आवाज जातो. सर्वात खाली सहा इंचांची पट्टी स्क्रूने बसवलीय. चार स्क्रू काढले की आत बघता येतं. करारात बाबांनी स्वतः एक कलम वाढवलं: २३ सप्टेंबर २०२३ रोजी या खोलीत तीन फूट एक इंच पाणी होतं, पार्टिशन नंतर बदललं आहे, घर नदीजवळ आहे. टायपिंग करणारा म्हणाला, असं कोणी लिहीत नाही काका. बाबा म्हणाले, तू टाइप कर.

जानेवारीत वणीहून फोन आला. खोली झाली का, आणि भाडं तेच का? झाली, तेच. मुलगी दोन बॅगा आणि ती पुस्तकं घेऊन आली. करार वाचला, आमच्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि खालची पट्टी काढून आत टॉर्च मारला. समाधान झाल्यावर पट्टी परत लावली. आणि मग पलंग समोरच्या, विटांच्या भिंतीला लावला.